सणाची भेट आणि बेताची मिळकत

कोणताहि सण जवळ आला म्हणजे बेताच्या मिळकतीच्या गृहस्थापुढें एक हिशेब उभा राहतो. घरांतील चार माणसांचें कसेंहि भागतें. परंतु चुलते, आत्या, मामा, मावश्या, त्यांचीं मुलें, सुना, जावई आणि नातवंडें असा गोतावळा मोजूं लागलें म्हणजे आंकडा सहज तीस-चाळिसांवर जातो. प्रत्येकास कांहीं द्यावें अशी इच्छा असते, आणि कोणास वगळावें तर त्याचें मन दुखावतें. हा पेच हल्लींच्या महागाईनेंच उत्पन्न केला, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो फार जुना आहे. मागल्या पिढ्यांनीं त्याचा विचार केला होता, आणि त्याचा निकाल ग्रंथांत न लिहितां रूढींत घालून ठेवला होता. महाराष्ट्रांतील सणांच्या भेटींचा इतिहास पाहिला म्हणजे तो निकाल स्पष्ट दिसूं लागतो.

प्रथम दसऱ्याचें उदाहरण घ्यावें. त्या दिवशीं सीमोल्लंघन करून आलेला मनुष्य आप्तेष्टांच्या घरीं जाऊन आपट्याचीं पानें देतो व त्यांस सोनें म्हणतो. आपटा हें कांचनाच्या जातीचें लहानसें झाड. माळावर व डोंगरउतारावर आपोआप वाढणारें. त्याचें पान टोंकाशीं चिरलेलें, दोन दळें जोडल्यासारखें दिसतें. या पानास सोन्याचा मान कसा मिळाला, याची कथा सर्वांस ठाऊक आहे. वरतंतु ऋषींचा शिष्य कौत्स यास चौदा विद्यांबद्दल चौदा कोटि सुवर्णमुद्रा गुरुदक्षिणा द्यावयाची होती. तो रघुराजाकडे आला, तेव्हां राजानें विश्वजित् यज्ञांत सर्वस्व दान करून टाकलें होतें, आणि अतिथीस अर्घ्य द्यावयास त्याच्यापाशीं मातीचें पात्र तेवढें उरलें होतें. रघूनें कुबेरावर स्वारी करण्याचा बेत केला, आणि त्याच रात्रीं त्याच्या कोशागारांत सोन्याची वृष्टि झाली. राजा सगळें सोनें देऊं करतो व कौत्स गुरूस द्यावयाच्या रकमेपलीकडे कांहीं घेत नाहीं, असा तो प्रसंग आहे.

कालिदासाच्या रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत ही कथा येते. परंतु तींत आपट्याचें झाड नाहीं. सोनें आपट्याखालीं पडलें, आणि कौत्सानें आपल्यापुरतें घेतल्यावर उरलेलें लोकांनीं लुटलें, ही भर लोककथेनें घातली. ही भर मोठी मार्मिक आहे. तिच्यामुळें राजाच्या दानाचें सोनें सामान्य माणसाच्या आटोक्यांत आलें. कोल्हापुरास छत्रपतींच्या दसऱ्याच्या सोहळ्यांत पूजा झाल्यावर लोक पानें लुटतात आणि एकमेकांस देतात. तेथेंहि राजाच्या सोन्याचें पान निराळें व रंकाच्या सोन्याचें निराळें, असा भेद नाहीं.

या रूढींत पाहण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे भेटीची दिशा. सोनें देण्यास लहानानें मोठ्याकडे जावयाचें असतें. पुतण्या चुलत्याकडे जातो, विद्यार्थी गुरुजींकडे जातो, धाकटें घर थोरल्या घरीं जातें. पान हातांत ठेवून नमस्कार करावयाचा आणि आशीर्वाद घ्यावयाचा. थोरल्याच्या मनांत आलें तर तो मुलाच्या हातावर एखादें नाणें ठेवील किंवा खाऊ देईल. म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे जाणारी वस्तु बिनमोल, आणि मोठ्याकडून लहानाकडे येणारी वस्तु, आली तर, मोलाची. या नियमामुळें गरीब पुतण्यास श्रीमंत चुलत्याच्या दारांत पाऊल टाकण्यास संकोच वाटण्याचें कारण राहिलें नाहीं.

संक्रांतीची रीतिहि याच धोरणाची आहे. तीळ आणि गूळ हे दोन्ही जिन्नस थंडीच्या दिवसांत अंगास मानवणारे, आणि जानेवारीच्या सुमारास नवा गूळ बाजारांत आलेला असतो. शेरभर तिळांत व तितक्याच गुळांत सगळा गोतावळा तोंड गोड करून जातो. ज्या घरांत आणखी हौस असे तेथें हलवा होई. मंद निखाऱ्यांवर परात ठेवून, साखरेचा पाक थेंबाथेंबानें घालीत आणि तीळ बोटांनीं हलवीत बसावें लागे, तेव्हां कोठें त्यांवर पांढरा कांटा फुटे. या कामास पैसा थोडा आणि वेळ फार लागे. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीस काळी चंद्रकळा नेसवून तिला याच हलव्याचे दागिने घालीत. गळ्यांतला हार, हातांतल्या बांगड्या, बिंदी, सगळें साखरेचें! सराफाच्या दुकानांत पाऊल न टाकतां सासूनें सुनेस नखशिखांत मढवावें, अशी ही योजना होती. त्यांत खर्च झाला होता तो बोटांचा आणि डोळ्यांचा. आणि सुनेलाहि तें कळत असे.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका हळदीकुंकू करतात आणि वाण लुटतात. सुगडांत ऊंसाचे करवे, बोरें, गाजराचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या घालतात. म्हणजे त्या ऋतूंत शेतांत जें पिकलें असेल तें. लुटावयाची वस्तु फणी असो, करंडा असो, कीं कुंकवाची पुडी असो, ती येणाऱ्या प्रत्येक बाईस एकच मिळते. मामलेदारीणबाईंस मोठी फणी व शेजारच्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईस लहान, असें वाणांत करतां येत नाहीं. "लुटणें" हा शब्दहि मोठ्या विचारानें योजलेला दिसतो. दान म्हटलें कीं देणारा वर आणि घेणारा खालीं होतो. लूट म्हटली कीं घेणाऱ्याच्या मानास धक्का लागत नाहीं.

दिवाळींत फराळाचीं ताटें घरोघर जातात. कोणाची चकली खुसखुशीत झाली आणि कोणाचा लाडू फसला, याची चर्चा त्या निमित्तानें होते. पण ताट कोणाचें किती रुपयांचें, याची होत नाहीं. आलेलें ताट रिकामें परत करूं नये, निदान चिमूटभर साखर तरी त्यांत घालावी, असा संकेत आहे. गोमंतकांत हीच चाल नाताळांतहि दिसते. तेथील ख्रिस्ती कुटुंबें नेवऱ्या, दोदोल, बिबिंक असे जिन्नस घरीं करून नातलगांकडे व शेजारीं पाठवितात, आणि या ताटास कोंसुआद म्हणतात. हिंदु शेजाऱ्यांकडे नाताळाचें ताट जातें व दिवाळीस त्यांच्याकडून फराळ येतो. ज्या घरीं त्या वर्षीं दुखवटा असेल तेथें गोडधोड करीत नाहींत. तेथें शेजारी आठवणीनें पाठवितात. धर्म दोन, पण ताटाचें शास्त्र एकच.

भाऊबीजेस मात्र खरा पैसा हातांतून सुटतो. बहीण ओवाळते आणि भाऊ तबकांत ओवाळणी टाकतो. परंतु येथेंहि दिशा पाहावी. पैसा भावाकडून बहिणीकडे, म्हणजे माहेरच्या मिळकतीवर ज्याचा हात होता त्याच्याकडून ज्याचा नव्हता त्याच्याकडे, जात होता. रकमेस बंधन नव्हतें. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते त्या काळीं कोणी रुपया टाकी, कोणी पावली टाकी, कोणी दोन आणे. आणि बहिणीनें तबकांत काय पडलें तें मोजून पाहूं नये, ही शिष्टता पाळली जाई.

हीं सर्व उदाहरणें एकत्र ठेवलीं म्हणजे तीन नियम हातीं येतात. पहिला असा कीं भेट सर्वांस एकच असावी, म्हणजे तुलनेस जागा राहत नाहीं. दुसरा असा कीं तिच्यांत पैशापेक्षां हाताचें काम आणि पायांची तसदी अधिक असावी. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा असा कीं मोलाची वस्तु द्यावयाचीच झाली तर ती मोठ्याकडून लहानाकडे, सबळाकडून दुबळ्याकडे जावी. उलट कधीं जाऊं नये.

एकोणिसाव्या शतकांत या रचनेस मोठा धक्का बसला, तो नातलग दूर गेल्यामुळें. १८५३ मध्यें मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली. १८५४ मध्यें मुंबईंतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन झाली. कोंकणांतील आणि देशावरील तरुण चाकरीसाठीं मुंबईस जाऊं लागले, आणि घरोघर जाऊन सोनें द्यावें तर घरें शंभर कोसांवर, अशी अवस्था झाली. येथें टपालखातें उपयोगीं पडलें. १८५४ च्या टपालाच्या कायद्यानें अंतर कितीहि असलें तरी पाव तोळा वजनाच्या पत्रास अर्धा आणा, असा एकच दर ठरला. १८७९ मध्यें एका पैशाचें पोस्टकार्ड निघालें, आणि १८८० मध्यें मनिऑर्डरीचें काम पोस्टाकडे आलें.

या तीन सोयींनीं सणांची भेट दूरवर पोहोंचूं लागली. संक्रांतीस पाकिटांत कागदाची इवलीशी पुडी घालून हलव्याचे चार दाणे पाठविण्याची चाल पडली. टपालांत शिक्के बसून त्यांतले दोन दाणे फुटत असत; तरी पुडी उघडून घरांतील प्रत्येकाच्या जिभेवर कण ठेवला जाई. भाऊबीजेची ओवाळणी मनिऑर्डरीनें निघूं लागली. त्या फॉर्माच्या तळाशीं दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे, आणि पोस्टमन पैसे मोजून देऊन बहिणीची सही किंवा आंगठा घेई. गिरणगांवांतील एका खोलींत दहा जणांबरोबर राहणाऱ्या कामगारास कोंकणांतील बहिणीची भाऊबीज चुकवावी लागली नाहीं, याचें श्रेय या खात्याकडे जातें. त्यानें पाठविलेला रुपया लहान असला तरी तो वेळेवर आला, आणि भाऊ धडधाकट आहे ही बातमी घेऊन आला.

टपाल स्वस्त झाल्यावर सणाच्या भेटीचें रूप कसें पालटतें, याचें प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडांत घडलें. तेथें १८४० मध्यें एक पेनीचें टपाल सुरू झालें. त्या सुधारणेच्या कामांत हेन्री कोल नांवाचे एक गृहस्थ होते. १८४३ च्या नाताळांत इतक्या आप्तमित्रांस निरनिराळीं पत्रें लिहिण्यास सवड नाहीं म्हणून त्यांनीं जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेऊन त्याचीं सुमारें एक हजार कार्डें छापलीं. मध्यभागीं मेजाभोंवतीं जमलेलें तीन पिढ्यांचें कुटुंब आणि दोन्ही बाजूंस गरिबांस अन्न व वस्त्र देण्याचीं चित्रें, असा तो देखावा होता. उरलेलीं कार्डें एक शिलिंगास एक अशीं विकलीं. म्हणजे एका कार्डाच्या किंमतींत बारा पत्रांचें टपाल भागलें असतें. गरिबांस तीं परवडणारीं नव्हतीं. पुढें छपाई स्वस्त झाली आणि १८७० पासून कार्डास अर्ध्या पेनीचा दर मिळाला, तेव्हां कोठें नाताळचें कार्ड सामान्य घरांत शिरलें.

परंतु जेथें वस्तु स्वस्त झाल्या तेथें भेटी वाढल्या, आणि वाढतां वाढतां त्यांची सक्ति झाली. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं ही सक्ति इतकी जाचक झाली कीं १९१२ मध्यें न्यूयॉर्क येथें एलिनॉर बेलमाँट व अॅन मॉर्गन या दोन बाईंनीं निरुपयोगी भेटींस आळा घालण्यासाठीं एक मंडळीच काढली. ॲन मॉर्गन या प्रसिद्ध धनिक जे. पी. मॉर्गन यांच्या कन्या. त्या कारखान्यांत व दुकानांत काम करणाऱ्या मुलींच्या सुटीसाठीं पैसे सांठविण्याच्या एका फंडाचें काम पाहत. या मुलींची तुटपुंजी शिल्लक नाताळांत नाहींशी होते, आणि तीहि आईबापांच्या किंवा भावंडांच्या भेटींत नव्हे, तर कामावरील वरिष्ठांस द्यावयाच्या भेटींच्या वर्गणींत, असें दिसून आलें. वर्गणी नाकारावी तर वरिष्ठाची गैरमर्जी होते. द्यावी तर स्वतःच्या घरीं कांहीं नेतां येत नाहीं. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेहि त्या मंडळीचे सभासद झाले. त्या मंडळीचा रोख भेटींवर नव्हता; मनांतून न आलेल्या व धाकानें दिलेल्या भेटींवर होता. दसऱ्याचा जो नियम वर सांगितला, त्याच्या नेमकें उलट तेथें घडत होतें. पैसा खालून वर जात होता.

हें वाचून आपल्याकडील माणसानें समाधान मानण्याचें कारण नाहीं. पैसा खालून वर जाण्याच्या रूढि महाराष्ट्रांतहि होत्या, आणि त्यांनींच संसार बुडविले. वतन किंवा गादी वारसाकडे चालविण्यासाठीं सरकारांत भरावयाचा नजराणा असो, कीं इंग्रजी अमदानींत साहेबाच्या बंगल्यावर जाणारी फळफळावळीची डाली असो, त्यांत स्नेह थोडा आणि भीति फार. घरांतील उदाहरण जावयाचें. पहिल्या दिवाळीस जावयास बोलावून दिवाळसण करावयाचा. सुमारें साडेबत्तीस महिन्यांनीं येणाऱ्या अधिक मासांत तेहतीस अनारशांचें वाण द्यावयाचें. त्यांत चांदीचें भांडें असावें, वस्त्र असावें, अंगठी असावी, अशा अपेक्षा वाढत जात. अनारसे हे तांदूळ-गुळाचे, घरच्या हातचे; त्यांनीं कोणी कर्जबाजारी झाला नाहीं. कर्ज झालें तें अनारशांखालच्या चांदीच्या ताटाचें. मुलीच्या बापानें वरपक्षाकडे मोलाची वस्तु पाठवावी, हा मानपान रूढ झाला, आणि हुंड्याचें ओझें त्याच वाटेनें वाढलें. हुंड्यास मनाई करणारा कायदा १९६१ मध्यें झाला. परंतु सणाच्या नांवाखालीं होणारी मागणी कायद्याच्या कचाट्यांत पकडणें अवघड असतें.

येथें एक शंका निघते. शेतकरी व गरीब गृहस्थ सणांच्या उधळपट्टीनेंच कर्जांत बुडतात, असें सुशिक्षित लोक पुष्कळदां म्हणत आले. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. त्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळानें या प्रश्नाचाहि विचार केला. लग्नें व सण यांवरील खर्चास कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें. तो खर्च हिशेबांत येतो खरा, परंतु कर्जाचें मूळ क्वचितच असतो, असा त्या मंडळाचा अभिप्राय पडला. कर्जाचीं मुळें सारा, व्याज आणि नापिकी यांत होतीं. गरिबाच्या तिळगुळास बोल लावणाऱ्यांनीं हा निष्कर्ष ध्यानांत ठेवावा. सणाला गरीब मनुष्य चार पैसे खर्च करतो ते बहुधा आपल्या माणसांत आपला मान राहावा म्हणून. आणि तो मान त्यास वर्षाचे उरलेले दिवस क्वचितच लाभतो.

जुन्या रचनेंत आणखी एक मोठें वैगुण्य होतें, तेंहि सांगितलें पाहिजे. वाण सर्वांस एकच असे. पण "सर्व" या शब्दांत कोण येई? हळदीकुंकवाचें बोलावणें विधवेस नव्हतें. जिला भेटीची व दोन गोड शब्दांची गरज सर्वांत अधिक, तिच्यासाठींच दार बंद होतें. ती माजघरांत बसून तिळाचे लाडू वळी, आणि ते वांटावयास दुसरी कोणी पुढें होई. स्वस्त भेटीची सारी योजना तिच्या उंबऱ्याशीं येऊन थांबली होती.

या दाराला धक्का दिला तो धोंडो केशव कर्वे यांनीं. १८९३ मध्यें त्यांनीं स्वतः विधवेशीं विवाह केला, १८९६ मध्यें पुण्यांत विधवांसाठीं आश्रम काढला, आणि १९०० मध्यें तो शहराबाहेर हिंगण्यास नेला. पुढें या संस्थेच्या कार्यासाठीं भाऊबीज निधि गोळा होऊं लागला. दिवाळीच्या सुमारास संस्थेच्या बायका व हितचिंतक घरोघर जात, आणि गृहस्थांनीं बहिणीस घालावयाची ओवाळणी म्हणून जमेल तें द्यावें, अशी विनंति करीत. एकाचें देणें अगदीं लहान असे. पण त्यांतून अनेक मुलींचीं शिक्षणें झालीं. जी ओवाळावयास पुढें येऊं शकत नव्हती, तिच्यापर्यंत ओवाळणी पोहोंचली. भाऊबीजेचा मूळ अर्थ यांत कोठेंहि मोडला नाहीं, उलट तो पूर्ण झाला.

तेव्हां बेताच्या मिळकतीच्या गृहस्थानें सणाच्या भेटीची यादी करतांना बाजारांतील भाव पाहण्यापूर्वीं हा इतिहास आठवावा. मोठ्या माणसांसाठीं वस्तु शोधूं नये. त्यांच्या घरीं जावें, पान किंवा तिळगूळ हातांत ठेवावा आणि घटकाभर बसावें. आपट्याची झाडें ओरबाडलीं जाऊं लागल्यामुळें आतां एकच पान दिलें तरी पुरे. ढीगभर पानांनीं सोनें वाढत नाहीं. बरोबरीच्या सर्व घरांस एकच घरगुती जिन्नस द्यावा, मग तो डब्यांतला चिवडा असो कीं लोणच्याची लहान बरणी. दूरच्यांस आपल्या अक्षरांत चार ओळी लिहाव्या. आणि इतकें करून जी कांहीं रक्कम हातांत उरेल, ती गोतावळ्यांत ज्याचा हात सर्वांत आंखडलेला असेल त्याच्या मुलाच्या वह्यांसाठीं, किंवा एखाद्या एकट्या पडलेल्या आत्याच्या औषधासाठीं, चारचौघांत बोभाटा न करतां द्यावी. पूर्वजांनीं घालून दिलेली वाट एवढीच आहे, आणि ती अजून मोडलेली नाहीं.